लिंबाजीबाबूचा बिनसहीचा अंगठा

साऱ्या दुनियेचे लिंबाजीबाबूनं दोनच भाग पाडले होते. एक सही करणारे आणि दुसरे अंगठा लावणारे. पहिल्या भागात तो स्वतः होता, कलेक्टर होते, शाळामास्तर होते. दुसऱ्या भागात उरलेलं गाव, सोयरेधायरे, शेजारपाजार आणि लग्नाची बायको. ह्या दुसऱ्या भागाकडं तो चष्म्याच्या वरून बघायचा. चष्मा लागला नव्हता तेव्हासुद्धा तसंच बघायचा, असं सांगणारी माणसं नांदेडात अजून आहेत.

छत्तीस वर्षं तो रजिस्ट्री कचेरीत कारकून होता. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, जे येईल त्यावर माणसांचे अंगठे उठवायचं काम त्याच्याकडं. दिसतं तेवढं ते सोपं नसतं बरं का. नवखा माणूस अंगठा असा काही दाबतो की कागदावर नुसता काळा डाग उठतो, जणू म्हशीनं खूर ठेवला. लिंबाजीबाबू समोरच्याचा अंगठा मुठीत धरायचा, नखाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पॅडवर लोळवायचा आणि तसाच कागदावर लोळवायचा. एका दमात, मधे न उचलता. रेघ न् रेघ उठायची. मग खाली टपोऱ्या अक्षरात लिहायचा, ‘निशाणी डावा अंगठा, अमक्यातमक्याचा, दस्तूर लिंबाजी.’ म्हणजे अंगठा ज्याचा असेल त्याचा, नाव लिहिणारा हात माझा.

“खाली नाव न्हाई, तर तो अंगठा कुणाचा?” तो म्हणायचा. “माकडाचाबी उठतो.” आणि हे तो ज्याचा अंगठा धरलाय त्याच्याच तोंडावर म्हणायचा. “ढिला सोड की हात. दगड धरलाय का? पोरगं कितवीला हाय? आठवीला? मग त्याच्याकडनं चार अक्षरं गिरवून यायचं, बापाची इज्जत ऱ्हायली असती.” समोरचा ओशाळून हसायचा. दुसरं काय करणार, कागद त्याच्या टेबलावर.

एकदा एक कोंडाबाई म्हणून म्हातारी आली होती. लेकीच्या नावानं दोन एकर बक्षीस करायला. लिंबाजीबाबूनं सवयीनं तिचा अंगठा धरला. म्हातारीनं हिसका देऊन सोडवून घेतला.

“सोड रं बाबा. अंगठा माझा हाय. मला लावता येतो.”

“नीट न्हाई उठत आजी. रेघा फिसकटतात.”

“फिसकटू दे. माझ्याच रेघा हायत.”

सगळी कचेरी हसली. लिंबाजीबाबू तर हा किस्सा पुढं तीस वर्षं सांगत राहिला, लग्नात, बारशात, विहारातल्या सतरंजीवर. “म्हातारीची ऐट बघा!” म्हणून मांडीवर थाप मारायचा. म्हातारीनं तेव्हा लावलेला अंगठा खरंच फिसकटला होता आणि दुसरा लावावा लागला होता, हे सांगायला तो कधी विसरला नाही.

आता ह्या माणसाला अंगठ्याचं एवढं वावडं का, तर त्याला कारण होतं. लिंबाजी सहा वर्षांचा असताना बाप त्याला लोह्याजवळच्या त्यांच्या गावातल्या शाळेत घेऊन गेला. घराण्यातलं शाळेत जाणारं हे पहिलं पोर. धम्म घेऊन चारच वर्षं झाली होती आणि बापाच्या अंगात तो सगळा जोर होता. नवा सदरा, नवी टोपी. मास्तरनं नाव लिहून घेतलं आणि बापापुढं पॅड सरकवलं. बापानं अंगठा लावला. घरी आला, अंगणात उकिडवा बसला आणि चुलीतली राख घेऊन अंगठा घासायला लागला. राखेनं जाईना तशी विटेचा तुकडा घेतला. शाई गेली, कातडंही गेलं. मग पोराला जवळ ओढून एवढंच म्हणाला, “हे बोट तू रंगवायचं न्हाई.”

लिंबाजीनं रंगवलं नाही. त्याची सही म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. ‘लि’ची वेलांटी सायकलच्या मडगार्डासारखी, शेवटी लांबलचक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, चाकं लावल्यासारखी. सही झाली की तो कागद हातभर लांब धरून बघायचा.

तरीही काळ काही थांबत नाही. आधार कार्ड आलं, मग पासपोर्ट आला, सगळीकडं बोटं मागायला लागले. लिंबाजीबाबूनं त्यावर कायदा काढला. आधी सही, मग अंगठा. “सहीच्या मागून आलेला अंगठा म्हंजे सहीचा चपराशी. सायबाच्या मागं चपराशी चालतोच की.” आधारच्या शिबिरात त्यानं फॉर्मवर आधी ऐसपैस सही केली आणि मगच दहा बोटं दिली. पेन्शनीसाठी जिवंत असल्याचा दाखला मशीनवर अंगठा टेकवून मिळतो, पण हा दर नोव्हेंबरला बँकेत स्वतः जायचा आणि रजिस्टर मागून त्यात सही करायचा. बँकेतली पोरं त्याला लांबून बघितलं की रजिस्टर काढून ठेवायची.

आणि अशा माणसाच्या घरात पारूबाई.

पारूबाईला अक्षर येत नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं पाटी आणली होती. आठ दिवस शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, प्रत्येक अक्षरामागं एकदा ‘एवढं कळत न्हाई?’ असं विचारलं. नवव्या दिवशी पारूबाईनं पाटी पुसली, तिच्यावर ज्वारीचं पीठ घेतलं आणि थापायला लागली.

“आगं, पाटी हाय ती!”

“हाव, लई गुळगुळीत हाय. घरात तुमची एक सही हाय की. दोन काय करायच्या?”

तेव्हापासून तिच्या प्रत्येक अंगठ्याखाली ‘दस्तूर लिंबाजी’. बायकोसाठी म्हणून तो खिशात पेनाशेजारी पॅडची एक चपटी डबी बाळगायचा आणि तिचा अंगठा इतरांसारखाच मुठीत धरून लोळवायचा. गावाकडं धाकटा लेक आदर्श वेगळा राहतो. त्याच्या रेशन कार्डावर घरातली थोरली बाई म्हणून पारूबाईचं नाव पहिलं. दर महिन्याला ती गावी जाऊन दुकानातल्या मशीनवर अंगठा देऊन यायची. तिथं सही नाही, फॉर्म नाही, नुसता अंगठा. लिंबाजीबाबू दुकानाची पायरीसुद्धा चढत नसे. “जा. तुझ्या भावकीचं मशीन हाय ते,” म्हणायचा.

गेल्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, पारूबाईनं भिक्खूंच्या अंगावरचं चीवर शिवायला घेतलं. विहारात रोज ग्रंथाचं वाचन चालायचं. ही वाचू शकत नव्हती म्हणून ऐकायची आणि घरी आली की शिलाई मशीनवर बसायची. तीन महिने एकच चीवर, तुकड्याला तुकडा जोडत. हे थायलंडातल्या एखाद्या विहारात आपल्या हातानं भिक्खूंना द्यायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याकडं मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन होती.

विहारातला आनंदराज म्हणून तरणा पोरगा अशा धम्मसहली काढतो. चाळीस माणसं जमली. रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान. लिंबाजीबाबूनं निघण्याआधी पेनात नवी कांडी घातली.

विमानातच त्याचं बिनसलं.

“आनंदराज, फॉर्म कवा देणार?”

“कशाचा काका?”

“त्यांच्या देशात शिरायचा. आपण कोण, कुठले.”

“ते मोबाईलवरनं नांदेडातच भरलंय की मी. सगळ्यांचं.”

“सही कुणी केली माझी?”

“सही नसती लागत आता.”

“सहीबिगर फॉर्म?” लिंबाजीबाबूनं खिडकीकडं तोंड फिरवलं. “त्याला फॉर्म न्हाई म्हणत. त्याला पाटी म्हणतात, दुकानाची.”

सकाळी बँकॉकला उतरले. भला मोठा हॉल, पट्ट्यांच्या वळणावळणाच्या रांगा आणि पुढं काचेच्या टेबलांची ओळ. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घातलेली नांदेडची माणसं एकमेकांना धरून उभी राहिली. पुढं काय चाललंय हे लिंबाजीबाबूनं टाचा उंचावून बघितलं. प्रत्येक टेबलावर पाटीएवढी हिरवी काच. माणूस यायचा, एका हाताची चार बोटं ठेवायचा, दुसऱ्या हाताची चार ठेवायचा, मग दोन्ही अंगठे जोडून ठेवायचा, कॅमेऱ्याकडं बघायचा आणि चालायला लागायचा. पेन कुणाच्या हातात नाही. टेबलावर कागद नाही.

“पारू, बघून राहिलीस का? तो अर्ध्या चड्डीतला गोरा बघ. लावला अंगठा. ती चष्मेवाली बघ, डॉक्टरीण असंल. लावला. अन् तो टायवाला! गळ्यात टाय बांधून अंगठा लावून राहिलाय. शिकून काय उजेड पाडला ह्यांनी? आख्खी दुनिया अंगठेबहाद्दर झाली अन् मला कुणी सांगितलं न्हाई.”

“हळू बोला.”

“कुणाला कळतंय इथं?”

“मला कळतंय की,” पारूबाई म्हणाली.

तिचा नंबर आधी आला. चीवराची पिशवी तिनं काखेत मारली. दोन्ही हात पदराला पुसले, बोटांवर तोंडाची वाफ दिली, चित्र बघून चार बोटं ठेवली, चार ठेवली, अंगठे ठेवले आणि दिवा हिरवा होईस्तोवर श्वास रोखून उभी राहिली. एक मिनिटसुद्धा गेलं नाही. टेबलामागच्या पोरानं शिक्का मारला. पारूबाईनं त्याला हात जोडले. त्यानंही जोडले. बाई पलीकडं.

लिंबाजीबाबू पुढं झाला. खिशातून पेन काढला, टोपण मागं लावलं.

“साईन,” तो म्हणाला. “व्हेअर साईन?”

त्या पोरानं काचेकडं बोट दाखवलं. लिंबाजीबाबूनं उजवी चार बोटं दिली. बोटं म्हणजे काही अंगठा नव्हे. डावी चार दिली. मग चित्रात दोन अंगठे आले आणि त्यानं हात मागं घेतला.

“फर्स्ट साईन. देन थम.”

“नो साईन. थम.”

“आय क्लार्क. रजिस्ट्री. थर्टी सिक्स इअर.” त्यानं पासपोर्ट उघडून आपली सही दाखवली, मडगार्डासकट. “धिस. माय साईन.”

पोराचा चेहरा कुलूप घातलेल्या कपाटासारखा होता. लिंबाजीबाबूला तो चेहरा चांगलाच ओळखीचा वाटला. जेवणाच्या सुट्टीआधी, समोर वीस माणसं उभी असताना, तो स्वतः छत्तीस वर्षं हाच चेहरा करत आला होता. पण ते तेवढ्यापुरतं वाटून गेलं. पोरानं हात हलवून त्याला बाजूला काढलं आणि मागच्या माणसाला बोलावलं.

बाजूला काढलं! लिंबाजीबाबूला! पट्ट्याला टेकून तो उभा राहिला आणि त्याच्यासमोरून सहलीतली माणसं एकेक करून अंगठे लावून पुढं जायला लागली. कुणी त्याच्या डोळ्याला डोळा देईना.

आनंदराज रांगेतून वाकून आला. “काका, टेकवा की. बस उभी हाय भाईर.”

“तू टेकव. तुला काय, सकाळी उठल्यापासून मोबाईलवर अंगठाच चालतो तुझा.”

“काका, हसण्यावारी नेऊ नका. न्हाई लावला तर पुढच्या विमानानं माघारी धाडतात. काकू गेल्या तिकडं. त्यांना आता इकडं येता येत न्हाई अन् तुम्हाला तिकडं जाता येत न्हाई. मी चाळीस माणसं सांभाळू का हितं उभा ऱ्हावू?”

लिंबाजीबाबूनं पलीकडं बघितलं. टेबलांच्या पुढं, पिवळ्या पट्टीच्या कडेला पारूबाई पिशवी छातीशी धरून उभी होती. एक शिपाई तिला पुढं व्हायच्या खुणा करत होता आणि ती त्याला हात जोडून तिथंच उभी होती.

“आवं, काय झालं?” ती ओरडली. एवढ्या मोठ्या हॉलात, शेताच्या बांधावरून ओरडावं तशी.

“सही घेत न्हाईत!”

“मग द्या की अंगठा.”

“बिगरसहीचा?”

“मी काय देऊन आले मग? गूळ?”

“तुझं येगळं हाय!”

हे त्याच्या तोंडून निघालं आणि पारूबाईचे शिपायापुढं जोडलेले हात खाली आले. शिपाईसुद्धा थांबला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मग तिनं पिशवी खांद्याला लावली.

“हाव. माझं येगळं हाय. मी जाते चीवर घेऊन. तुम्ही जावा नांदेडला. तिथं लई सह्या हायत.”

आणि तिनं पाठ फिरवली.

एकावन्न वर्षांच्या संसारात तिनं रागानं ताटं आपटली होती, पाटीवर भाकरी थापली होती, पण पाठ फिरवली नव्हती. लिंबाजीबाबूला एकदम दिसलं, की ह्या बाईला बसचा नंबर वाचता येत नाही, हॉटेलचं नाव वाचता येत नाही आणि तरीही ती जाणार आहे. आणि आपल्याला सगळं वाचता येतं आणि आपण ह्या पट्ट्याच्या अलीकडं उभे आहोत.

तो टेबलापुढं जाऊन उभा राहिला. पेन खिशात घातला. हात काचेकडं नेला आणि वीतभर वर थांबवला. बापाचं सोललेलं बोट डोळ्यापुढं आलं होतं. टेबलामागच्या पोराला बाप कुठला दिसणार? तो उठला, काचेवरून वाकला आणि म्हाताऱ्याचा अंगठा मुठीत धरून खाली दाबायला लागला.

“सोड!” लिंबाजीबाबूनं हिसका दिला. “अंगठा माझा हाय. मला लावता येतो.”

बोलला आणि जागच्या जागी उभा राहिला. तीस वर्षं मांडीवर थाप मारून जे वाक्य त्यानं सांगितलं होतं, ते आज त्याच्याच तोंडातून निघालं होतं आणि हसायला कचेरी नव्हती.

पोरानं दोन्ही हात वर केले. लाव बाबा.

लिंबाजीबाबूनं लावला. कसा लावला? जसा जन्मभर लोकांचा लावला तसा. अंगठ्याची डावी कड काचेवर टेकवली आणि उजव्या कडेपर्यंत सुरेख लोळवली. एका दमात, मधे न उचलता. दिवा लाल. पुन्हा लोळवला. लाल. तिसऱ्यांदा त्यानं जास्तच मन लावून लोळवला, कचेरीत साहेब तपासणीला आल्यासारखा. लाल. पोरानं कपाळाला हात लावला. मागच्या गोऱ्यानं जांभई दिली.

“आवं, लोळवू नका!”

पारूबाई गेली नव्हती. पाठ फिरवून चार पावलं गेली असेल आणि थांबली असेल. ती पिवळ्या पट्टीवर परत येऊन उभी होती.

“पोळी लाटून राहिलात का? सपाट ठिवा, सपाट! आधी सदऱ्याला पुसा. वाफ द्या तोंडाची. दोन्ही संगं ठिवा. दाबू नका लई. अन् तोंड बंद ठिवा जरा, तुम्ही बोललात की हात हलतो.”

टेबलाच्या दोन्ही बाजूंची नांदेडची चाळीस माणसं खदखदून हसली. आनंदराज तर पट्टा धरून वाकला. ज्यांना भाषा कळत नव्हती तेही हसले. बाई नवऱ्याला झापते तेव्हा काय झापते हे कुठल्याही मुलखात कळतं. लिंबाजीबाबूचे कान लाल झाले. त्यानं अंगठे सदऱ्याला पुसले. वाफ दिली. सपाट ठेवले. तोंड बंद ठेवलं.

दिवा हिरवा झाला.

शिक्का बसला. पलीकडं गेल्यावर तो पारूबाईशेजारून बसपर्यंत मान खाली घालून चालला. बसमध्ये बसल्यावर मात्र फुटला. “काय मशीन म्हणायचं हे? साफ अडाणी. अंगठा पुरा उठवला तर कळत न्हाई, अर्धामुर्धा टेकवला की खूश. आमच्या कचेरीत असला अंगठा कुणी लावला असता तर मी कागद फेकून दिला असता.”

“हाव,” पारूबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी चीवरदान झालं. छोटंसं विहार, सोन्याच्या रंगाची मूर्ती, म्हातारे भन्ते. पारूबाईनं चीवर दोन्ही हातांवर घेऊन दिलं. तिला पाठ असलेली पाली वंदना आणि त्यांची वंदना एकच निघाली, फक्त चाल वेगळी. ती इतकी हरखली की उठायचंच विसरली.

मग एका भन्तेंनी दान देणाऱ्यांचं रजिस्टर आणलं. नाव, गाव, सही. लिंबाजीबाबूच्या जिवात जीव आला. पेन काढला, ‘लि’ची वेलांटी वरच्या ओळीत गेली, रेघ शेजारच्या रकान्यात गेली, दोन टिंबं खालच्या ओळीत पडली. हातभर लांबून बघितली. मग खाली पारूबाईचं नाव लिहिलं, खिशातून पॅडची डबी काढली आणि सवयीनं तिचा अंगठा धरायला हात पुढं केला.

पारूबाईनं हात मागं घेतला.

लिंबाजीबाबू थांबला. त्यानं डबी उघडली आणि तिच्यापुढं सरकवली. तिनं अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर सपाट ठेवला, रेशन दुकानात ठेवतात तसा. काळा डाग उठला. म्हशीचा खूर.

“बघ आता!” लिंबाजीबाबू उसळला. “मशीन हाय का हे? कागद हाय. कागदावर लोळवावं लागतं.”

“मग नीट सांगा की. मी सांगितलं न्हाई का तुम्हाला?”

लिंबाजीबाबूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले. बांधावेच लागले, नाहीतर गेले असते पुढं. “डाव्या कडेनं टेकव. हां. आता लोळव… हळू… उचलू नको, उचलू नको…”

ह्या वेळी अंगठा उठला. रेघ न् रेघ नाही, एका कडेला जरा फिसकटला होता. लिंबाजीबाबूनं ते बघितलं आणि गिळलं. पेन घेऊन खाली लिहायला लागला.

“काय लिहून राहिलात?” तिनं विचारलं.

“निशाणी डावा अंगठा. पारूबाईचा.”

“अन् पुढं?”

“पुढं नेहमीचं. दस्तूर लिंबाजी. कुणाच्या हातनं झालं ते लिहावं लागतं.”

“असं व्हय,” पारूबाई पॅडची शाई बोटावरनं पुसत म्हणाली. “मग काल विमानतळावर तुमच्या अंगठ्याखाली माझं दस्तूर कुठं लिवलं?”

लिंबाजीबाबूनं पेनाला टोपण लावलं. दस्तूर अर्धंच राहिलं. मग त्यानं पॅडची डबी रुमालानं पुसायला घेतली आणि बस सुटायची हाक येईस्तोवर पुसतच बसला.